बोलून झाल्यावरचं अर्धं मिनिट

संपादक मंडळाचे आदरणीय गेडामसर आणि बाईंवर लोभ असणारे आपण सर्व,

आधी कबुली देतो. बाईंच्या गौरवग्रंथासाठी हा लेख माझ्याकडे दिवाळीच्या आधी मागितला होता. आता फाल्गुन लागला. मधल्या काळात सरांचे किती फोन आले ते त्यांनी मोठ्या मनानं मोजले नसतील. दर वेळी मी "झालाच सर, शेवटचं पान राहिलं" म्हणालो, आणि तेव्हा पहिलं पानही झालेलं नव्हतं. एकदा तर मी सिरोंच्याच्या बसमध्ये उभा होतो, मागं दोन बाया तेलुगूत भांडत होत्या, तरी मी सरांना सांगितलं की टेबलाशी बसलो आहे. सर म्हणाले, "टेबल कोन्या रोडनं चाललं रे तुझं?"

माझ्याविषयी दोनच ओळी. मी कोरपन्याकडचा. नागभीडला बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं केलं आणि सोडलं. मग तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे मोजले, जिनिंगमध्ये कापूस दाबला, सिमेंटच्या ट्रकवर क्लिनर म्हणून फिरलो. एका जागी बसलो की मला मुंग्या येतात. या ग्रंथात माझ्या अलीकडं-पलीकडं प्राध्यापक मंडळी आहेत, त्यांनी यशोधराबाई डोंगरे यांच्या पंचाहत्तर वर्षांचं मोल व्यवस्थित मांडलं असेल. मला फक्त त्यांच्या कानाबद्दल सांगायचं आहे.

उशिराचं खरं कारण आळस नाही. वनिता नावाची एक मुलगी सापडत नव्हती. ती सापडल्याशिवाय बाईंचा गौरव लिहायचा म्हणजे लग्न लागायच्या आधी पंगत बसवायची. अजूनही ती सापडलेली नाही. पण सर म्हणाले, छापखाना थांबत नाही. त्यांचा माणूस चारच्या गाडीनं लेख न्यायला येतो आहे. म्हणून बाईंच्याच ओसरीत बसून हे लिहितो.

बाईंची पहिली ओळख झाली तेव्हा मार्च संपत आला होता. परीक्षा सुरू होत्या आणि मी दोन पेपरांना गेलोच नव्हतो. भर दुपारी बाराच्या सुमारास गावाबाहेरच्या तलावाच्या सांडव्यावर जाऊन बसलो. आमच्याकडची जुनी माणसं त्या वेळी तलावावर जाऊ देत नाहीत. रात्रीपेक्षा बाराची वेळ वाईट म्हणतात, कारण तेव्हा सावलीही माणसाच्या पायाखाली लपते आणि माणूस एकटा पडतो. मी तिथं कशासाठी बसलो होतो ते लिहीत नाही. बसलो होतो, एवढं पुरे.

त्याआधी आठवडाभर मी फोनवर मदत शोधत होतो. कॉलेजातलं पोरगं मदत कसं मागतं ते ज्यानं मागितली त्यालाच ठाऊक. आधी खोट्या नावानं खातं काढतं. मग "माझ्या एका मित्राला असं होते" असं लिहितं. मग लिहिलेलं खोडतं, पुन्हा लिहितं. मीही लिहिलं. अनोळखी लोकांनी लाल बदाम टाकले. एकानं "भाऊ खंबीर रहा" म्हटलं, त्याच्याखाली दुसऱ्यानं स्पर्धा परीक्षेच्या क्लासची जाहिरात चिकटवली. उत्तरं देणाऱ्या यंत्रालाही विचारून पाहिलं. त्यानं फार गोड भाषेत सात मुद्दे सांगितले आणि खोल श्वास घ्यायला लावला. श्वास घेऊन झाल्यावर मी होतो तिथंच होतो.

आमच्या वसतिगृहाच्या संडासाच्या दारामागं कोणीतरी खिळ्यानं एक नंबर कोरला होता. खाली लिहिलं होतं, "व्हॉइस टाका. बोलून झाल्यावर अर्धं मिनिट फोन तसाच धरा. बाई ऐकते." सांडव्यावर तो आठवला. पण खरं काय ते कोण बोलतं? मी विचारलं, "बाई, फेरपरीक्षेचा फॉर्म कधी निघते?" आणि सांगितल्याप्रमाणे अर्धं मिनिट फोन धरून ठेवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. म्हाताऱ्या बाईचा आवाज, घाई नाही, लाडही नाही. "फॉर्म जूनमधी निघन. आता मले सांग बापा, तू सांडव्यावर काऊन बसला? पाणी तुह्या उजव्या हाताले आहे. तू डाव्या हाताले ऊठ अन् रस्त्याले लाग. रस्त्यावर पोचला की मंग पुन्हा अर्धं मिनिट टाक."

मी चारी बाजूंना पाहिलं. माणूस नाही, ढोर नाही. समोर तलावाच्या पाळीवर ऊन थरथरत होतं. मी डाव्या हाताला उठलो आणि पळत सुटलो. त्या दिवशी मी वाचलो म्हणा किंवा घाबरलो म्हणा, मला ते दोन्ही एकच वाटतं.

पुढं आठवड्यानं पत्ता काढत त्यांच्या घरी गेलो. पत्ता द्यायचा त्यांचा नियम नाही, पण नागभीड केवढं! बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलायच्या आधी, नुसत्या माझ्या चपलेच्या आवाजावर, मान वर न करता म्हणाल्या, "आला का सांडव्या? बस." तेव्हापासून माझं तेच नाव. बाई कोणाचं खरं नाव विचारत नाहीत. ज्याच्या मागं जे ऐकू येतं ते त्याचं नाव. एक "कोंबडावाला" होता, तो आज तलाठी आहे. एक "कुकरवाली" होती, तिच्या व्हॉइसमध्ये दर वेळी शिट्टी व्हायचीच.

ही विद्या त्यांच्याकडे नोकरीतून आली. नागभीडच्या टेलिफोन एक्स्चेंजात बाई ट्रंक कॉल जोडायच्या. त्यांच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेल्या त्या पहिल्या बाई. सुरुवातीला त्यांच्या हातचा पाण्याचा पेला ऑफिसात कोणी घेत नसे. "पण मी जोडलेली लाईन साऱ्याइले चाले," हे सांगताना बाई खूप हसतात. नियम असा होता की लाईन लागली की नाही ते ऐकायचं, बोलणं ऐकायचं नाही. कान तर उघडाच. मग बाई बोलण्यामागचं ऐकायला शिकल्या. भामरागडकडच्या कॉलमागं पाणी, कोरपन्याकडच्या कॉलमागं यंत्राची घरघर. मेल्याची बातमी सांगणारा माणूस बोलायच्या आधी गिळतो, तो घोट.

मी एकदा म्हटलं, "बाई, आता सारे टाईप करतात. वाचून उत्तर द्या ना, सोपं पडते."

"लिहिलेल्याच्या मांगं काही नसते रे," बाई म्हणाल्या. "पोरं तोंडानं फॉर्मची तारीख विचारते. खरं काय ते मांगं बसून राह्यते."

एक उदाहरण सांगतो. चंद्रपुरात खोली करून राहणाऱ्या बी.एस्सी.च्या एका मुलीनं केमिस्ट्रीच्या नोट्स कुठं मिळतील म्हणून व्हॉइस टाकला. मे महिना. मी शेजारीच होतो, मला मागं काहीच ऐकू आलं नाही. बाई मात्र ताठ झाल्या. "काहीच नाई, तेच तं! चंद्रपूर, मे महिना, भर दुपार, अन् पंखा बंद? पोरगी घरात नाई असं दाखवून राह्यली. दारात कोणी तरी उभं आहे." बाईंनी मुलीला एवढंच विचारलं, "गल्ली कोनती?" आणि चंद्रपूरच्या एक्स्चेंजातल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. त्या आजी आणि त्यांची जाऊ, दोघी पापडाच्या लाट्या घेऊन तिथं जाऊन धडकल्या. घरमालकाचा मुलगा खरंच दाराला खेटून उभा होता. आजीबाई त्याला म्हणाल्या, "बरा सापडला! धर हे पोळपाट." संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून पापड लाटून घेतले, तेवढ्यात मुलीनं सामान बांधलं. ही हकीकत मी मुलीला विचारूनच लिहिली आहे. बाईंचा दंडक आहे, लाईनवरचं लाईनवर.

आता वनिता.

वनिता भामरागडच्या पुढच्या एका गावची, माडिया घरातली, त्या गावातून कॉलेजला आलेली पहिलीच मुलगी. पहिल्या वर्षाला विषय राहिले. ती वसतिगृहातून निघाली, पण घरी गेली नाही. कॉलेजला वाटलं गावी गेली. गावाला वाटलं कॉलेजात आहे. दोन्हीकडं निवांत. एक जिवंत मुलगी दोन ठिकाणांच्या मधून गळून गेली आणि कोणालाच खबर नाही, कारण दोघांनाही ती दुसऱ्याकडं आहे हे पक्कं माहीत होतं.

माहीत होतं फक्त बाईंना. आधी एकदाच तिनं बोलून व्हॉइस टाकला होता, नाव-गाव सांगून, रिझल्ट कसा बघायचा म्हणून. त्यानंतर, मागच्या आषाढापासून, त्याच नंबरावरून दर चार-पाच दिवसांनी दुपारी व्हॉइस यायचा. त्यात शब्द नसायचा. फक्त अर्धं मिनिट. बाई दर वेळी उत्तर द्यायच्या, "ऐकलं. मी आहो." उलट फोन केला तर उचलायची नाही. ठाण्यातही सांगून झालं. तिथले साहेब म्हणाले, "मोठी पोरगी आहे, फोन येते म्हणता, मंग हरवली कशी?"

बाईंनी ते अर्धं मिनिट पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. म्हणाल्या, "पाणी आहे. लई पाणी. दोन-तीन नद्या एका जागी आल्यासारखं. पोरगी गावाजवळच आहे सांडव्या, भामरागडाले, संगमावर. तू जा."

मी गेलो. भादवा होता. मी पोचलो आणि मागं पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं, रस्ता बंद. अकरा दिवस अडकलो. रोज दुपारी संगमावर उभा राहून अर्धं अर्धं मिनिट ऐकायचो. तीन नद्यांचं पाणी एकात जाताना एक आवाज येतो, फार वेळ ऐकला की त्यात कोणीतरी आपलं नाव घेतंय असं वाटायला लागतं. मी दोनदा ओ दिली. मग तिकडं एकटं जायचं सोडलं.

पाणी उतरल्यावर वनिताच्या घरी गेलो. वडिलांनी खाट टाकली, विचारलं, "आमची पोरगी बरी आहे ना भाऊ? कॉलेजात बोलते का सगळ्याइसंगं? इथी तं लाजते." मी म्हणालो, "बरी आहे."

हे परत येऊन सांगितलं तेव्हा बाई माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं रागावल्या. "लाईन नाई लागली तं लागली म्हणू नाई! तीस वर्षं मी हे एक पाप नाई केलं." त्यांनी त्याच दुपारी वनिताच्या वडिलांना फोन लावून खरं सांगितलं. बाईंनी फोन ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "मांगं कांडण चालू होतं. थांबलं. मायनंही ऐकलं."

त्यानंतर मी वनिताचे सगळे व्हॉइस स्वतः ऐकायला बसलो. एक, दोन, दहा. मग म्हणालो, "बाई, यात पाणी नाई."

"वेडा का? धो धो वाहून राह्यलं."

"नाई बाई. एकातही नाई."

बाईंनी फोन बंद केला. उताणा करून पाटावर ठेवला. हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. ऑक्टोबरचं ऊन, अंगणात पानही हलत नव्हतं. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "फोन बंद आहे ना रे? मले तं आताही येते पाणी."

पाणी त्यांच्या कानात होतं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हेडफोनखाली गेलेले कान आहेत, नस वाळत चालली, असा आवाज आधी येतो आणि मग ऐकू येणंच जातं. किती वर्षांपासून येत असेल ते आता सांगता येणार नाही, म्हणाले. मागच्या सगळ्या मुलामुलींच्या व्हॉइसमागं बाईंना कुठं कुठं पाणी ऐकू आलं होतं, आणि त्यातलं खरं किती? आयुष्यभर दुसऱ्याच्या मागचं ऐकणाऱ्या बाईंना स्वतःच्या आतलं ओळखू आलं नाही. बाई म्हणाल्या, "नंबर बंद कर." मी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. वनिताकडं तेवढाच एक नंबर होता.

आता एक गोष्ट लिहितो, जी बाईंना या छापील पानावरच कळणार आहे. तोंडावर सांगायला जीभ उचलली नाही. बाई, ज्या दिवशी तुम्ही मला सांडव्यावरून उठवलं, त्या दिवशी तो सांडवा कोरडा होता. मार्चअखेर होता. तळं खाली गेलेलं, सांडव्यावर शेणाच्या गोवऱ्या वाळत होत्या. पाणी माझ्या उजव्या हाताला नव्हतं, डाव्याही नव्हतं. तरी मी बसलो होतो तिथंच, आणि तुम्ही म्हणालात तसाच. मी यावर पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला. तुम्ही कानाला दोष द्यायच्या आधी एवढं ध्यानात घ्या. तो कान चुकला, त्या चुकीवर मी आज जेवतो-खातो आहे.

दिवाळीला मी घरी कोरपन्याकडं गेलो. दुपारी अंगणात खाटेवर पडलो असताना वनिताचा एक व्हॉइस पुन्हा लावला. नेहमीसारखंच, काहीच नाही. तो संपला, तरी तसंच ऐकू येत राहिलं. मी उठून बसलो. आमच्या गावामागून सिमेंटच्या कारखान्याचा दगड वाहणारा लांब पट्टा जातो. त्याची घरघर मी पाळण्यापासून ऐकतो, म्हणून माझ्या कानाला तिलाच शांतता म्हणायची सवय. वनिताच्या अर्ध्या मिनिटामागं तोच पट्टा होता. मी संगमावर ओ देत उभा होतो तेव्हाही ती माझ्या घराच्या आसपास होती.

तीन दिवस शेतं पालथी घातली. चौथ्या दिवशी कापूस वेचायला आलेल्या बायांची एक टोळी सापडली. एक म्हातारी म्हणाली, "होती ना. साऱ्या तिले मुकीच म्हनत. पावसात निंदायले आली, मंग वेचायले राह्यली. दुपारी साऱ्या जेवायले बसल्या की ते धुऱ्यावर, वावराच्या बांधाले, जाये अन् फोन असा समोर धरे, जसं कोणाले पाणी पाजते. मी मनलं, कोनाशी बोलतं वो? तं मान हलवली. तेवढ्या वक्तीच काय ते बोलली. बोलत नाई, मने. पलीकडं कोनी तरी ऐकून राह्यलं." ती परवाच निघून गेली होती. मी विचारपूस करत फिरतोय हे तिच्या कानावर आधी पोचलं होतं.

त्या दिवसापासून व्हॉइस बंद.

मी बाईंना म्हटलं, "मीच पळवली तिले. आपण पत्ता पाठवू का इथला?" तोवर त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, मी पाटीवर लिहून विचारलं. बाई म्हणाल्या, "पत्ता देला की तिले याच लागन. आवाज देला तं तिची मर्जी." आणि त्यांनी जे सुरू केलं ते मी तीन महिने बघतो आहे. रोज दुपारी तीनला बाई अंगणात येतात, फोन समोर धरतात, आणि अर्धं मिनिट काही बोलत नाहीत. जंक्शनवर फिरणारं इंजिन, शेजारची पोह्याची गिरणी, विहिरीचा रहाट, जे असेल ते तिकडं जातं. त्यांना स्वतःला त्यातलं काही ऐकू येत नाही. फक्त ते पाणी ऐकू येतं. मी पाटीवर लिहितो, "गेला." थोड्या वेळानं फोनवर दोन निळ्या खुणा उमटतात. लिहितो, "ऐकला." कोणी ऐकला, कुठून ऐकला, माहीत नाही. मागच्या आठवड्यात खुणा निळ्या व्हायच्या थांबल्या. बाईंनी पाठवणं थांबवलेलं नाही.

बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना शंभर वर्षं लाभोत असं या ग्रंथात पुष्कळांनी लिहिलं असेल, त्यात माझंही नाव धरा. मला वेगळं मागायचं ते असं: बाईंच्या कानातलं पाणी आटो, आणि नाहीच आटलं तर निदान संथ होवो. गुडघे चालते राहोत, तांदूळ निवडण्याइतकी नजर राहो. आणि एखादी तरी दुपार अशी यावी की कोणाचा निरोप येऊ नये, कारण सगळी पोरं बरी आहेत, आणि बाईंनी अंगणात खाट टाकून बिनघोर झोपावं. एवढं झालं की मीही एका जागी बसायला शिकेन, निदान

फाटक वाजलं. गेडामसरांचा माणूस समजून मी कागद आवरायला लागलो होतो, पण अजून तीनच वाजताहेत, आणि बाई आत्ता कुठं फोन घेऊन अंगणात आल्या आहेत. फाटकात वनिताचे वडील उभे आहेत. गडचिरोलीच्या अलीकडं ते कधी आले नव्हते. मी धावत जाऊन विचारलं, घर कसं सापडलं? त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आमी कोनाले नाई विचारलं भाऊ. हे पोरगी थांबे, फोनातलं आयके, अन् चाले. मी मागं मागं आलो." त्यांच्या पाठीआड कोणीतरी आहे, मला फक्त ओढणीचं टोक दिसतं. बाईंची पाठ फाटकाकडं होती आणि त्यांना काही ऐकू येत नाही, तरी त्या माझ्या आधीच वळल्या होत्या. सर, उरलेलं पान कोरंच पाठवतो.